धुण्याचे यंत्र निवडताना

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, मुंबई–हावडा लोहमार्गावर, मलकापूर आणि जलंब या स्थानकांच्या दरम्यान नांदुरा हे गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण ज्ञानगंगा नदीच्या काठी वसले आहे. महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला तेथील १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती दुरूनच दिसते व गाव जवळ आल्याचे कळते. परंतु या मुलखाची खरी ओळख तेथील जमीन होय. ही वऱ्हाडची काळी, चिकण, कापूस पिकविणारी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायाला अशी धरते की, शेतातून घरी येणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलाबरोबर शेराच्या मापाने माती चालत येते.

अशा मुलखातील एका शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. आषाढ संपत आला आहे. पऱ्हाटीत डवरणी चालू आहे. घरधन्याचे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले आहे. निंदणीहून परतलेल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ मातीने ताठ झाले आहेत. थोरला मुलगा सरकी काढण्याच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वंगणाने काळ्या झाल्या आहेत. शाळेतून आलेल्या धाकट्याच्या गणवेशावर शाई आहे, गुडघा फुटल्यामुळे विजारीला रक्ताचा डाग आहे. कोपऱ्यात एक वेगळे गाठोडे आहे. ते फवारणीच्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्यांचे. संध्याकाळी हा सारा ढीग न्हाणीच्या दगडापाशी येऊन पडतो.

हा ढीग उपसणे हे काम आजवर घरच्या स्त्रियांच्या वाट्याला आले. पाणी आणावयाचे, कपडे भिजवावयाचे, दगडावर घासावयाचे, लाकडी मोगरीने बडवावयाचे, पुन्हापुन्हा खळबळावयाचे, दोघींनी दोन टोके धरून गोधडी पिळावयाची आणि मग दोरीवर वाळत घालावयाची. एक सुती गोधडी कोरडी असताना लहान मूलही उचलते. तीच पाण्याने ओथंबली म्हणजे मोठ्या माणसाची कंबर मोडते. या कामात आईचे दोन दोन तास जातात. पुष्कळदा मुलीचा सकाळचा अभ्यासाचा वेळही त्यातच जातो. म्हणून त्या घराने कापसाच्या पैशातून कपडे धुण्याचे यंत्र घेण्याचे ठरविले, तर तो शोक नव्हे. ती गरज आहे.

तथापि पैसा बेताचा असल्यामुळे निवड चुकून चालणार नाही. दुकानात यंत्रे ओळीने मांडलेली असतात. कोणाचा रंग सुरेख, कोणावर दिव्यांची रांग, कोणावर बटनांची गर्दी. शेजाऱ्याने घेतले तेच आपणही घ्यावे, असेही मनात येते. परंतु शेजाऱ्याचे पाणी निराळे असेल, त्याचा मळही निराळा असेल. वैद्य जसा आधी रोग पाहतो आणि मग औषध देतो, तसे यंत्र निवडणाऱ्यानेही आधी आपला मळ ओळखावा, आपले पाणी पाहावे आणि मग यंत्राकडे वळावे.

प्रथम मातीचा विचार करू. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. कपडा झटकला की तो गळून पडतो. चिकणमातीचा कण मात्र २ मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. त्याचा आकार पातळ पापुद्र्यासारखा असतो. काळ्या जमिनीतील असे पापुद्रे पाणी शोषून फुगतात व सुताच्या तंतूंमधील फटींत जाऊन बसतात. ओला चिखल लगेच चोळला तर हे कण आणखी खोल शिरतात. म्हणून जाणत्या बायका चिखलाचे कपडे आधी वाळू देतात, वाळलेली माती झटकून व ब्रशाने काढून टाकतात आणि मगच कपडा भरपूर पाण्यात भिजत घालतात. ही पहिली पायरी कोणतेही यंत्र करून देत नाही. मातीचे ढेपळे घेऊन कपडा यंत्रात टाकला, तर तीच माती सगळ्या कपड्यांवर वाटली जाते व उरलेली नळीत जाऊन अडकते.

आता पाण्याकडे पाहू. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोहों अंगांस पसरलेल्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. नांदुरा तालुक्याचा काही भाग या पट्ट्यात मोडतो. येथील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे असते. काही पाण्यांत मिठाबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षारही असतात. असे पाणी जड किंवा कठीण समजले जाते. त्यात साबण घासला की फेस येण्याऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो. पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन हा न विरघळणारा पदार्थ बनतो. साबण मळ काढण्याच्या कामी येण्यापूर्वीच पाण्याशी झगडण्यात खर्ची पडतो, आणि तो साका कपड्यावर बसून पांढरा सदरा करडा दिसू लागतो. इतकेच नव्हे, तर कॅल्शियममुळे मातीचे सुटलेले कण एकमेकांना चिकटतात व पुन्हा कपड्यावर बसतात. ‘इतके धुतले तरी कपडा मळकटच,’ ही तक्रार पुष्कळ वेळा हाताची नसते, पाण्याची असते.

यावर जुना उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. सोडा पाण्यात घातला की कॅल्शियम खडूसारख्या भुकटीच्या रूपाने वेगळा होतो आणि साबणाला आपले काम करण्यास मोकळीक मिळते. शिवाय सोड्यातील सोडियममुळे मातीचे पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात व पाण्यात तरंगत राहतात. मग ते पाण्याबरोबर वाहून जातात. बुलढाणा जिल्ह्याला या सोड्याचे नाते फार जुने आहे. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात लोणारचे प्रसिद्ध सरोवर आहे. उल्कापाताने झालेल्या विवरात साठलेले त्याचे पाणी खारे तर आहेच, पण सोड्याच्या अंशामुळे ते अल्कधर्मीही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. त्यात लोणारच्या डोंगरात काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, असे नमूद केले आहे. ज्या मुलखात पाणी धुण्याला अडचण आणते, त्याच मुलखात निसर्गाने धुण्याचे साहित्यही ठेवले होते. आज लोणार हे संरक्षित अभयारण्य आहे. २०२० साली त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. धुण्याचा सोडा आता बाजारातून आणावा लागतो.

वंगणाचा मळ निराळ्या जातीचा असतो. तेल पाण्यात मिसळत नाही. साबणाच्या किंवा धुण्याच्या पावडरीच्या सूक्ष्म रेणूला दोन टोके असतात. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाकडे ओढ घेणारी टोके वंगणाच्या थेंबाला चहूबाजूंनी धरतात, पाण्याकडची टोके बाहेर राहतात आणि थेंब कपड्यावरून सुटून पाण्यात तरंगू लागतो. पाणी गरम असेल तर वंगण मऊ होते व हे काम लवकर होते. रक्ताचा डाग मात्र याच्या उलट. तो गरम पाण्यात टाकला की अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग उकळल्यावर जसा घट्ट होतो, तसे रक्तातील प्रथिन घट्ट होऊन कपड्याला कायमचे बसते. म्हणून रक्त, दूध, अंडे यांचे डाग आधी गार पाण्यात भिजवावेत. आजच्या अनेक पावडरींत विकरे असतात. आपल्या पोटातील पाचक रस जसे अन्नाचे तुकडे करतात, तशी ही विकरे अशा डागांचे तुकडे करतात. त्यांना वेळ लागतो आणि कोमट पाणी मानवते. उकळत्या पाण्यात ती निकामी होतात.

राहिले कोपऱ्यातील गाठोडे. कापसावरील किडीसाठी फवारलेली औषधे विषारी असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट वऱ्हाड विसरलेला नाही. नाकातोंडाप्रमाणेच कातडीतूनही हे विष शरीरात जाते आणि कपड्यात मुरलेले औषध धुणाऱ्याच्या हातालाही लागते. म्हणून फवारणीचे कपडे त्याच दिवशी, रबरी हातमोजे घालून, इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. आधी नुसत्या पाण्यात खळबळावेत, मग गरम पाणी व भरपूर पावडर घेऊन धुवावेत, शक्य तर दोनदा धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. यंत्रात धुतले असतील, तर पुढच्या धुण्यापूर्वी यंत्र साबणाच्या पाण्याने एकदा रिकामेच चालवावे. ज्या कपड्यावर औषधाची बाटलीच सांडली असेल, तो धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून देणे शहाणपणाचे असते. अशा पाण्याचा ओघळ विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये.

मळाचे प्रकार असे अनेक असले, तरी तो काढण्याची साधने चारच आहेत. कपड्याला मिळणारा मार, साबण-सोड्यासारखी द्रव्ये, उष्णता आणि वेळ. यांपैकी एक कमी पडले, तर इतरांनी त्याची भर काढावी लागते. पाणी गार असेल तर अधिक वेळ भिजवावे लागते. भिजवण्यास वेळ नसेल तर अधिक बडवावे लागते. हर्बर्ट झिन्नर या जर्मन रसायनज्ञाने १९५९ च्या सुमारास हा नियम एका वर्तुळाच्या रूपाने मांडला. वर्तुळाचा एक भाग लहान केला की दुसरे मोठे करावे लागतात, वर्तुळ मात्र पुरे झालेच पाहिजे.

हा नियम आपल्याकडील परिटांना व्यवसायाच्या अनुभवातून फार पूर्वीच उमगला होता. परीट कपडे सोड्याच्या व साबणाच्या पाण्यात बुचकळतो, त्यांचा थर भट्टीवर रचतो, खालच्या भांड्यातील वाफ रात्रभर कपड्यांतून जाऊ देतो आणि सकाळी ते घाटावरच्या दगडावर आपटून धुतो. द्रव्य, उष्णता, वेळ आणि मार ही चारही साधने या एका रीतीत आली. आजही स्वच्छ, कडक कपड्याला मराठीत परीटघडीचा कपडा म्हणतात, ती या कौशल्याला मिळालेली पावतीच होय. हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडणारे आणि लोकांच्या मनातील मळ कीर्तनातून धुणारे संत गाडगेबाबा हे याच वऱ्हाडचे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मळ काढणाऱ्या श्रमाला समाजाने हलके मानले. पण त्या श्रमावाचून कोणाचेही घर चालले नाही.

हे श्रम यंत्राकडे सोपविण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील शेफर नावाच्या धर्मोपदेशकाने १७६७ साली कपडे धुण्याच्या लाकडी यंत्राची माहिती आकृत्यांसह प्रसिद्ध केली. ते हाताने फिरवावे लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला विजेची जोड मिळाली आणि १९३७ साली अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने पाणी घेणे, धुणे, खळबळणे व पिळणे ही कामे आपोआप करणारे घरगुती यंत्र पुढे आणले.

आज आपल्या बाजारात मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे मिळतात.

पहिला प्रकार अर्धस्वयंचलित यंत्राचा. यात शेजारी शेजारी दोन टाक्या असतात. एका टाकीत तळाशी एक कंगोरेदार चकती असते. ती उलटसुलट फिरून पाणी घुसळते व कपडे एकमेकांवर घासले जातात. दुसरी टाकी कपडे पिळण्याची. तिला सर्वजण ड्रायर म्हणतात. धुतलेले कपडे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हातानेच न्यावे लागतात. परंतु या यंत्राला नळ जोडलेला नसला तरी चालते; बादलीने पाणी ओतता येते. कपडे तासभर भिजत ठेवावयाचे असतील, तर यंत्र बंद करून ठेवता येते. मध्येच झाकण उघडून एखादी बाही ब्रशाने घासता येते. शिवाय आधी कमी मळलेल्या कपड्यांना वापरलेले साबणाचे पाणी पुढे चिखलाच्या कपड्यांना पुन्हा वापरता येते.

दुसरा प्रकार वरून उघडणाऱ्या पूर्ण स्वयंचलित यंत्राचा. यात धुणे व पिळणे एकाच टाकीत होते. एकदा कपडे व पावडर घातली की माणूस मोकळा होतो. मात्र यात कपडे पाण्यात बुडालेले असावे लागतात, म्हणून एका धुण्याला सुमारे १०० ते १५० लिटर पाणी लागते. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या घराने हा आकडा लक्षात ठेवावा.

तिसरा प्रकार समोरून उघडणाऱ्या यंत्राचा. त्यातील पिंप आडवे असते. ते फिरते तेव्हा आतील कपडे कडांवरच्या पट्ट्यांवर चढून वर जातात आणि तेथून खाली आपटतात. दगडावर कपडा आपटण्याचीच ही रीत आहे. ती येथे एका धुण्यात शेकडो वेळा घडते. पिंपात पाणी थोडेच असते. सर्व मिळून सुमारे ५० ते ७० लिटर पाण्यात काम भागते. अशा बहुतेक यंत्रांत पाणी तापविण्याची सोय असते. समजा, १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवावयाचे आहे. गणित केले तर त्याला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, असे दिसून येईल. मार, उष्णता आणि वेळ ही तिन्ही साधने एकत्र मिळत असल्यामुळे वंगण, घाम आणि जुना मळ यांवर हा प्रकार सर्वांत प्रभावी ठरतो. परंतु त्याची किंमत अधिक असते, एका धुण्याला दीड-दोन तास लागतात, आणि धुणे चालू असताना दार उघडून हवे तसे घासता येत नाही. दाराच्या रबरी कडेत माती व केस साचतात. ती कडा दर वेळी पुसावी लागते.

पिळण्याचेही एक गणित आहे. फिरत्या पिंपातील पाणी बाहेर फेकले जाते. २५ सेंटिमीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर त्यातील प्रत्येक थेंबाला त्याच्या वजनाच्या सुमारे ४०० पट जोराचा रेटा लागतो. ७०० फेऱ्यांना हाच जोर सुमारे १३७ पट असतो. फेरे दुपटीहून कमीच वाढले, पण जोर जवळजवळ तिपटीने वाढला. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा या जोराचे महत्त्व कळते. ज्या कपड्यातून पाणी अधिक निघाले, त्यातून विरघळलेला क्षार व साबणही अधिक निघाला, हा दुसरा लाभ.

यंत्राचे गुण असे पाहिले तरी निवड पुरी होत नाही. जेथे यंत्र ठेवावयाचे, त्या घराची परीक्षाही घ्यावी लागते. पहिली परीक्षा पाण्याच्या दाबाची. पाण्याची टाकी यंत्राच्या फारशी वर नसेल, तर पाणी जोराने येत नाही आणि स्वयंचलित यंत्र पाण्याची वाट पाहत थांबून राहते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका असतो. ३ मीटर उंचीच्या टाकीचा दाब त्याच्या तीन-दशांशच भरतो. यंत्राला किती दाब हवा, हे त्याच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. घेण्यापूर्वी ते वाचावे.

दुसरी परीक्षा पाण्याच्या जडपणाची. जड पाणी तापले की त्यातील क्षार भांड्याच्या तळाशी जमतो. तसाच तो यंत्रातील तापकावर जमतो, वीज अधिक खर्च होते आणि तापक लवकर बिघडतो. खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो. म्हणून खारपाणपट्ट्यातील घराने धुण्यासाठी शक्य तर गोडे पाणी वापरावे. ते नसेल, तर पोलादी पिंप व न गंजणारे प्लास्टिकचे अंग असलेले यंत्र पाहावे आणि साका साफ करण्याचे काम ठराविक दिवसांनी नेमाने करावे. पावसाळ्यात छपरावरून पन्हळीने धरलेले पाणी गोडे व मऊ असते. धुण्याला त्याच्यासारखे पाणी नाही.

तिसरी परीक्षा विजेची. वीज मध्येच जात असेल, तर समोरून उघडणाऱ्या यंत्राचे दार काही वेळ बंदच राहते. अर्धस्वयंचलित यंत्रातील कपडे मात्र लगेच काढून हाताने धुता येतात. पाणी आणि वीज जेथे जवळ येतात, तेथे धोका असतो. म्हणून तीन पिनांची जोडणी आणि जमिनीत नीट उतरविलेली अर्थिंगची तार यांवाचून कोणतेही यंत्र चालू करू नये. फिरते पिंप पूर्ण थांबल्याशिवाय त्यात हात घालू नये, आणि ओल्या हाताने बटनाला स्पर्श करू नये.

आता पुन्हा त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊ. तेथे नळाला रोज पाणी येत नाही. दोन पिंपे भरून ठेवावी लागतात. विहिरीचे पाणी खारे आहे. विजेचा भरवसा नाही. मुख्य मळ चिखलाचा आहे, आणि तो भिजवल्याशिवाय व घासल्याशिवाय निघत नाही. अशा घराला आज तरी अर्धस्वयंचलित यंत्रच योग्य. वंगणाच्या सदऱ्यासाठी चुलीवर तापविलेले पाणी, माहितीपुस्तकात सांगितलेल्या मर्यादेपर्यंत, त्यात ओतता येईल. मात्र माप घेताना काटकसर करू नये. यंत्रावर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, आणि फार मळलेले कपडे धुताना टाकी काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवावी लागते. कपड्यांना हलण्यास जागाच नसेल, तर मार बसणार कसा? म्हणून घराची गरज सहा किलोंची वाटली, तर आठ किलोंचे यंत्र पाहावे. हेच घर उद्या गावात पक्क्या माळ्यावर टाकी असलेल्या, गोड्या पाण्याचा नळ आणि अखंड वीज असलेल्या जागी गेले, तर त्याची निवड बदलेल. तेव्हा समोरून उघडणारे, पाणी तापविणारे यंत्र त्याला अधिक मानवेल. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या मळासाठी, कोणत्या पाण्यात व कोणत्या घरात, हे शब्द त्याला जोडले म्हणजे तो पुरा होतो.

यंत्र आले तरी रीत सुटू नये. आधी गणवेश व पांढरे कपडे, मग रंगीत, मग चिखलाचे, शेवटी वंगणाचे. फवारणीचे कपडे मात्र सर्वस्वी निराळे. पावडर जास्त घातली म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात, हा समज खोटा आहे. फेसाची गादी झाली की कपड्यांना बसणारा मार मऊ होतो आणि खळबळण्यास पाणी अधिक लागते. शेवटच्या खळबळीचे जवळजवळ स्वच्छ पाणी फेकून देऊ नये. दुसऱ्या दिवशीचे चिखलाचे कपडे त्यात भिजत घालावेत.

साबण-सोड्याचे पाणी मात्र परसातल्या वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात रोज सोडू नये. सोडियम मातीचे कण सुटे करतो, म्हणून टाकीत तो आपला मित्र असतो. तोच शेतात गेला की तेथेही मातीचे कण सुटे होतात, बारीक फटी बुजतात, जमीन वाळल्यावर दगडासारखी होते व पाणी आत मुरत नाही. खारपाणपट्ट्यातील जमिनीचे दुखणे बरेचसे हेच आहे. त्यात आपल्या न्हाणीतून भर पडू नये, इतकी काळजी प्रत्येक घराने घ्यावी.

आणि एक गोष्ट. यंत्र हे घरातील साऱ्यांचे आहे, एकट्या आईचे नव्हे. ढेपळे झटकणे, खिसे तपासणे, रंग वेगळे करणे, धुतलेले कपडे दोरीवर घालणे ही कामे अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना सहज करता येतात. ज्याने चिखल अंगावर आणला, त्यानेच तो वाळल्यावर झटकला, तर यंत्राचे निम्मे काम हलके होते. यंत्राने वाचविलेले दोन तास मग खरोखरच त्या घराच्या पदरात पडतात. आई ओट्यावर घटकाभर टेकते आणि मुलगी शाळेची घंटा होण्यापूर्वी आपले पुस्तक उघडून बसते.

स्वाध्याय

१. काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नये, असे का म्हटले आहे?
२. परिटाच्या भट्टीत धुण्याची चारही साधने कशी एकत्र येतात, ते सांगा.
३. सोडियम टाकीत मित्र आणि शेतात शत्रू कसा ठरतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.
४. प्रयोग करा : झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे व दुसरीत विहिरीचे तितकेच पाणी भरा. दोहोंत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाकून वीस वेळा हलवा. फेस कोणत्या बाटलीत अधिक येतो व साका कोणत्या बाटलीत दिसतो, ते वहीत टिपून ठेवा.
५. आपल्या घरचा मळ, पाणी व वीज यांचा विचार करून घराला कोणते यंत्र योग्य ठरेल, किंवा यंत्राची गरजच नाही, हे कारणांसह लिहा.